एकाच ताऱ्याच्या रेषा दिसत असतील तर जोडीदाराचं वस्तुमान कसं काढायचं?

ऐरोलीकर

नमस्कार मंडळी,

माझी नोकरी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये झाली, बराचसा काळ एए (अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन) मशीनवर, म्हणजे नमुन्यात कोणता धातू किती आहे ते प्रकाशाच्या रेषेवरून सांगणाऱ्या यंत्रावर. धातू बदलला की दिवा बदलायचा, आणि प्रत्येक दिव्याची रेषा ठरलेली. तांब्याची ३२४.८ नॅनोमीटर, सोडियमची ५८९. रेषा जागेवर सापडली नाही तर मशीनमध्ये बिघाड आहे, सर्व्हिस इंजिनियरला बोलवायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. ताऱ्यांच्या बाबतीत मात्र तारा जवळ येताना किंवा दूर जाताना रेषा हलते हीच खरी माहिती असते, आणि त्या हलण्यावरून ताऱ्याचं वस्तुमान काढतात, हे वाचल्यापासून मी या विषयात पुरता गुंतलोय.

सुरुवात सीएम ड्रॅकोनिसपासून केली. कालेय तारकासमूहातली तांबड्या खुज्या ताऱ्यांची जोडी, आपल्यापासून साधारण ४८ प्रकाशवर्षांवर, १.२६८ दिवसांत एकमेकांभोवती एक फेरी. दोन्ही तारे जवळपास सारख्याच तेजाचे, म्हणून वर्णपटात दोघांच्याही रेषा दिसतात. प्रसिद्ध झालेले वेग घेऊन एक्सेलमध्ये आलेख काढला. दोन लाटा, एक वर चढते तेव्हा दुसरी खाली उतरते आणि दर फेरीत दोनदा एकमेकींना छेदतात. एकीची उंची सेकंदाला ७२ किलोमीटर, दुसरीची ७८. यामुळे रेषा सरकते किती, तर ६५६ नॅनोमीटरजवळ जेमतेम ०.१६ नॅनोमीटर. आमच्या मशीनची स्लिट ०.७ ला असायची, तिच्यात हे सगळं गडप झालं असतं.

मग सूत्र लावलं: दोन्ही वेगांच्या बेरजेचा वर्ग, गुणिले समोरच्या ताऱ्याचा वेग, गुणिले फेरीचे दिवस, गुणिले ०.००००००१०३६. उत्तर आलं ०.२३ आणि ०.२१ सूर्य. छापलेल्या आकड्यांशी तंतोतंत जुळलं. ऐरोलीत टेबलाशी बसून ४८ प्रकाशवर्षांवरचे दोन तारे तोलले, याचा आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

अडलोय ते पुढच्या ताऱ्यापाशी. भारतात मोजलेला एखादा तारा घ्यावा असं मनात होतं, म्हणून एचडी २१३५९७ घेतला. माउंट अबूच्या १.२ मीटर दुर्बिणीवरच्या परास वर्णपटमापकाने त्याचे वेग मोजलेत, लेख २०१४ चा आहे. आवर्तकाल २.४२४ दिवस, लाटेची उंची ३३.४ किलोमीटर. पण लाट एकच! जोडीदाराच्या रेषा दिसतच नाहीत. वेगाचा घन, गुणिले दिवस, गुणिले तोच स्थिरांक असं केलं की ०.००९३ येतात. पुस्तकात याला वस्तुमान फलन म्हटलंय आणि तिथेच विषय संपवलाय. हे ०.००९३ नक्की कशाचे? यातून जोडीदाराचं वस्तुमान निघतं की नाही?

उपवनकर

ऐरोलीकर काका, नमस्कार. माझं पीएच.डी.चं काम जोडताऱ्यांवरच होतं, आता ठाण्यात कॉलेजला भौतिकशास्त्र शिकवते. तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण एम.एस्सी.ची मुलंसुद्धा बहुधा इथेच सूत्र पाठ करून पुढे जातात.

आधी थोडं मागे जाऊ. दोन मुली फुगडी घालतात तेव्हा अंगाने मोठी असलेली जागच्या जागी फिरते आणि लहान लांबून गरगरते. दोघींचा वेग पाहिला की कोण किती पट भारी ते कळतं. सीएम ड्रॅकोनिसमध्ये तुम्हाला दोन्ही वेग मिळाले, म्हणून ७२ आणि ७८ वरून गुणोत्तर आणि आवर्तकालावरून बेरीज निघाली. एचडी २१३५९७ मध्ये तुम्हाला फक्त मोठीच दिसते आहे. तिच्या डुलण्यावरून समोर कोणीतरी आहे एवढं नक्की, पण समोरची किती लांब उभी आहे ते दिसत नाही.

आता ०.००९३. ही संख्या कोणा एका ताऱ्याची नाही. जोडीदाराच्या वस्तुमानाचा घन, गुणिले कक्षेच्या कलाच्या (कक्षा आपल्याला किती तिरकी दिसते तो कोन, कडेवर दिसली तर ९० अंश) साइनचा घन, भागिले दोघांच्या वस्तुमानांच्या बेरजेचा वर्ग, असा तो गुणाकार-भागाकार आहे. एक समीकरण, अज्ञात तीन. त्यामुळे बाहेरून दोन गोष्टी आणाव्याच लागतात.

पहिली, दिसणाऱ्या ताऱ्याचं वस्तुमान. ते त्याच्या वर्णपटावरून अंदाजता येतं: तापमान, पृष्ठभागाचं गुरुत्व, धातूंचं प्रमाण. इथे ते सुमारे १.२९ सूर्य आहे. दुसरी, कक्षेचा कल. तो माहीत नसेल तर कक्षा अगदी कडेवर आहे असं धरायचं, म्हणजे साइन एक. मग जे येतं ते किमान वस्तुमान. कागदावर करून बघा, सोपं आहे. जोडीदार ०.२ धरला तर उजवी बाजू ०.००३६ येते, कमी पडते. ०.३ धरला तर ०.०१०७, जास्त होते. ०.२८५ ला येऊन बसते. म्हणजे जोडीदार सूर्याच्या ०.२८५ पटीहून हलका असूच शकत नाही.

भारी मात्र असू शकतो. तीच लाट, तेच ०.००९३, पण कक्षा ३० अंशांनी कललेली असती तर जोडीदार ०.६५ च्या घरात गेला असता. वेगाचा आलेख दोन्ही बाबतीत हुबेहूब तोच. नुसत्या वेगांवरून हा घोळ कधीही सुटत नाही, कितीही रात्री मोजा.

या ताऱ्याच्या बाबतीत तो सुटला तो ग्रहणांमुळे. जोडीदार दर फेरीत मोठ्या ताऱ्यापुढून जातो आणि प्रकाश थोडा घटतो. ग्रहण दिसतं म्हणजे कक्षा जवळजवळ कडेवरच असणार, ३० अंशांचा प्रश्नच मिटला. प्रकाशाच्या आलेखावरून कल ८५ अंशांच्या आसपास आला, आणि वस्तुमान ०.२८६. तुमच्या किमान आकड्याच्या इतकं जवळ का, ते आता तुम्हाला कळलंच असेल.

ग्रहण नसेल तर? तीन वाटा आहेत. अवरक्त वर्णपट घ्यायचा, कारण दृश्य प्रकाशात शेकडो पटींनी फिका असलेला तांबडा खुजा अवरक्तात तितका फिका राहत नाही आणि त्याच्या रेषा डोकं वर काढतात. किंवा तारा आकाशात किंचित डुलतो ते मोजायचं, हे काम गाया यानाने केलं. किंवा जोडी थेट वेगळी पाहायची. सप्तर्षींतल्या वसिष्ठाचं असंच झालं. १८८९ साली हार्वर्डला पिकरिंग यांनी वसिष्ठाची कॅल्शियमची रेषा काही फोटोंत दुहेरी पाहिली. वर्णपटावरून सापडलेला हा पहिला जोडतारा. त्यावर अँटोनिया मॉरी यांनी पुष्कळ काम केलं, आणि सारथी तारकासमूहातला दुसरा असा तारा त्याच वर्षी त्यांनीच शोधला. पण वसिष्ठाच्या कक्षेचा कल नेमका कळायला १९९० चं दशक उजाडावं लागलं, अनेक आरसे जोडून केलेल्या व्यतिकरणमापकाने दोन तारे वेगळे दाखवले तेव्हा. सुमारे ६० अंश.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर आणखी काही महिने दुहेरी रेषांच्या जोड्यांवरच हात बसवा. एकेरी रेषांची यादी प्रचंड मोठी आहे, पण त्यातले बहुतेक तारे तुम्हाला किमान आकडा देऊन गप्प बसतील. तांबड्या खुज्या ताऱ्यांची खरी वस्तुमानं आपल्याला माहीत आहेत ती मूठभर दुहेरी, ग्रहणं दाखवणाऱ्या जोड्यांमुळे. सीएम ड्रॅकोनिस त्यातली सर्वांत मोलाची. दुसरी वायवाय जेमिनोरम.

खारघरची गच्ची

वायवाय जेमिनोरम म्हणजे मिथुनेतल्या कॅस्टरचाच तिसरा भाग ना ताई? साध्या डोळ्यांना एक दिसणारा कॅस्टर प्रत्यक्षात सहा तारे, तीन जोड्या. ए जोडी ९.२ दिवसांची, बी २.९ दिवसांची आणि सी म्हणजे वायवाय, ०.८१ दिवसांची. तिन्ही जोड्या वर्णपटावरूनच ओळखलेल्या. मला हा तारा पाहताना दर वेळी अंगावर काटा येतो.

काका, तुम्हाला स्वतः रेषा मोजायच्या असतील तर सांगतो, खारघरहून होतं. मी गच्चीवर करतो. या कामाला शहराचा उजेड फारसा नडत नाही, हे कोणी सांगतच नाही. आपल्याला फिकट दीर्घिका शोधायच्या नाहीत, रेषेची जागा मोजायची आहे. स्लिटमधून एक तेजस्वी तारा आत घ्यायचा, आजूबाजूचं आकाश वजा करायचं, झालं.

प्रकाशाचे रंग वेगळे करणारी, फिल्टरसारखी लावायची जाळी मात्र या कामाची नाही. तिच्यात दीड-दोन हजार किलोमीटरचा फरक जेमतेम कळेल, आणि आपल्याला दहाच्या आतला हवाय. स्लिटवाला वर्णपटमापक लागतो, रिझोल्यूशन दहा हजारांच्या आसपासचं, म्हणजे तरंगलांबीच्या दहा हजाराव्या भागाइतका फरक ओळखणारा. फ्रान्सचे हौशी निरीक्षक क्रिस्तियां ब्युइल यांनी स्टारेक्स म्हणून आराखडा खुला ठेवलाय, त्याची खोकी थ्रीडी प्रिंटरवर छापता येतात. भिंगं, स्लिट आणि जाळी विकत घ्यावी लागते.

कॅलिब्रेशन तुम्हाला मी काय सांगणार! पण एक गंमत आहे. टेस्टरच्या स्क्रूड्रायव्हरमध्ये असतो तसा निऑनचा बारका दिवा पुरतो. ६५०.७ आणि ६५९.९ नॅनोमीटरच्या दोन ठसठशीत रेषा मिळतात आणि हायड्रोजनची ६५६.३ त्यांच्या मधोमध. शिवाय आपल्या खाडीकाठच्या दमट हवेची या कामात मदतच होते. हवेतल्या पाण्याच्या वाफेच्या बारीक रेषा नेमक्या याच भागात येतात. हवा ताऱ्याबरोबर फिरत नाही, त्यामुळे त्या रेषा जागच्या हलत नाहीत, आणि तुमचं शून्य सरकलंय का ते लगेच कळतं.

आणि पृथ्वीचा स्वतःचा वेग वजा करायला विसरू नका. ती सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने पळते. ही दुरुस्ती केली नाही तर जानेवारीतला आणि मेमधला एकच तारा वेगवेगळा दिसेल.

पहिला तारा म्हणून सारथीतलाच घ्या, उपवनकर ताईंनी सांगितलेला, बीटा ऑरिगी. दोघेही सूर्याच्या दुपटीहून जड, तांबडे खुजे नव्हेत, पण शिकायला यासारखा तारा नाही. तेजाची प्रत १.९, आणि दोन ताऱ्यांच्या वेगांत २२० किलोमीटरपर्यंत फरक पडतो. मॅग्नेशियमच्या ४४८.१ नॅनोमीटरच्या रेषेवर नजर ठेवा, हायड्रोजनच्या रेषा या ताऱ्यांत फार रुंद असतात. एकीच्या दोन झालेल्या रेषा पडद्यावर डोळ्यांनी दिसतात, आधी तळाशी खाच पडते, मग मध्ये उजेड शिरतो, मग दोन स्वच्छ दऱ्या.

एक अडचण आहे. याची फेरी ३.९६ दिवसांची. जवळजवळ चार. तुम्ही रोज रात्री नऊला मोजलंत तर पहिल्या, पाचव्या, नवव्या रात्री जवळपास तीच अवस्था मिळणार. आलेखावर चार ठिकाणी ठिपक्यांचे पुंजके आणि मध्ये रिकामं. उपाय असा की एका रात्री संध्याकाळी मोजा, दुसऱ्या वेळी मध्यरात्रीनंतर, आणि डिसेंबर ते मार्च असं पसरून. दर फेरीला साधारण तासाभराचा फरक पडत जातो, तो साचला की रिकाम्या जागा भरतात.

कळव्याचा विद्यार्थी

मी टीवायला आहे. ज्यांच्याकडे दुर्बीण नाही त्यांच्यासाठी: गायाच्या जून २०२२ च्या तिसऱ्या माहितीसंचात वर्णपटीय जोडताऱ्यांच्या लाखाहून जास्त कक्षा आहेत, सगळं फुकट. त्याचा वर्णपटमापक ८४६ ते ८७० नॅनोमीटर एवढाच पट्टा बघतो, कॅल्शियमच्या तीन रेषा तिथे आहेत. पण या जोडताऱ्यांचे एकेका रात्रीचे वेग त्या संचात दिलेले नाहीत, फक्त कक्षेचे तयार आकडे. स्वतः लाट बसवायची असेल तर अपोजी सर्वेक्षणाचे वेग घ्या. उपवनकर मॅडम, मोजमापं पाच-सहाच असतील तर आवर्तकाल कसा ओळखायचा? माझ्या पायथन प्रोग्रॅमला दहा वेगवेगळे काल सारखेच पसंत पडतात.

उपवनकर

पाच-सहा मोजमापांत ते सगळे दहा काल खरोखरच शक्य असतात, प्रोग्रॅमचा दोष नाही. एकच उत्तर निवडून मोकळं होऊ नकोस. सगळी ठेव, आणि पुढचं मोजमाप कोणत्या रात्री घेतलं तर त्यातली जास्तीत जास्त बाद होतील ते काढ. द जोकर नावाचा पायथन प्रोग्रॅम नेमका याच कामासाठी लिहिलेला आहे, तो शक्य असलेल्या सगळ्या कक्षा समोर ठेवतो.

आणि हातात मोजमापं कमी आहेत म्हणून नाउमेद होऊ नकोस. केंब्रिजचे रॉजर ग्रिफिन यांनी ३६ इंची दुर्बिणीवर आयुष्यभर हेच केलं. त्यांनी स्वातीच्या वर्णपटाचीच एक झडप बनवली होती, गडद रेषांच्या जागी फटी असलेली पट्टी. ताऱ्याचा प्रकाश तिच्यातून जाऊ द्यायचा, आणि रेषा फटींशी जुळल्या की येणारा प्रकाश एकदम घटतो. एकेक रेषा मोजत बसायला नको, शेकडो रेषांचा मिळून एकच खड्डा. आज संगणकावर आपण करतो ती हीच युक्ती. इंग्लंडचं ढगाळ आकाश, त्यात काही जोड्यांना फेरीला वर्षानुवर्षं लागणारी, तरी त्यांचे दोनशेहून जास्त लेख एकाच मालिकेत आले. मला या माणसाबद्दल अतोनात आदर आहे.

ऐरोलीकर

उपवनकर ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे ०.२, ०.३, ०.२८५ असं वहीत करून पाहिलं. बसलं. आता ०.००९३ कशाचे ते पुरतं समजलं. तुमचा सल्ला मानून वायवाय जेमिनोरम केला. दोन्ही वेग १२१ च्या आसपास, ०.८१४ दिवस, दोघेही सूर्याच्या ०.६ पट. लाटा इतक्या सारख्या की कोणती कोणाची ते रंग दिल्याशिवाय कळत नाही.

पण नवीनच प्रश्न उभा राहिलाय. ग्रहणांवरून त्रिज्याही निघते. वायवायची ०.६२ सूर्य, सीएम ड्रॅकोनिसची ०.२५ आणि ०.२४. वाचनात आलं की गणिताने या ताऱ्यांची त्रिज्या याहून कमी यायला हवी. लॅबमध्ये स्टँडर्ड एक सांगतंय आणि नमुना दुसरंच, तर आम्ही आधी स्टँडर्ड तपासायचो. इथे चूक कोणाची मानतात, मोजणाऱ्याची की गणिताची?

उपवनकर

मोजणाऱ्याची नाही, काका. या दोन जोड्यांची मापं वेगवेगळ्या गटांनी, वेगवेगळ्या दुर्बिणींनी पुन्हा पुन्हा घेतली आहेत. तारे खरोखरच काही टक्क्यांनी फुगलेले आहेत, आणि त्यांचा पृष्ठभाग गणितापेक्षा थोडा थंड आहे. दोन्ही मिळून एकूण तेज मात्र जवळपास बरोबर येतं, ही त्यातली विचार करण्यासारखी गोष्ट.

सर्वांत जास्त मानलं जाणारं कारण चुंबकीय आहे. सीएम ड्रॅकोनिसमधलं अंतर काढा, सगळे आकडे तुमच्याकडे आहेत. सुमारे २६ लाख किलोमीटर येईल, म्हणजे पृथ्वी-चंद्र अंतराच्या सातपटीहून थोडं कमी. इतक्या जवळ भरती-ओहोटीचं बल ताऱ्याला कक्षेच्या तालावर फिरायला लावतं. सूर्य स्वतःभोवती २५ दिवसांत फिरतो, हे सव्वा दिवसात. इतक्या वेगाने फिरणाऱ्या ताऱ्यात चुंबकीय क्षेत्र जबरदस्त तयार होतं. ते आतल्या वायूचं खालीवर होणं रोखतं, पृष्ठभागावर मोठाले डाग पडतात, उष्णता बाहेर पडायला अडते, आणि तारा फुगून तीच उष्णता जास्त क्षेत्रफळातून सोडतो.

इथवर बहुतेकांचं पटतं. वाद पुढे आहे. सूर्याच्या ०.३५ पटीहून हलक्या ताऱ्यात वायू गाभ्यापासून पृष्ठभागापर्यंत घुसळलेलाच असतो. अशा ताऱ्याला चुंबकीय क्षेत्राने एवढं फुगवायचं तर ते आत फारच प्रचंड धरावं लागतं, आणि ते सगळ्यांना मान्य नाही. सीएम ड्रॅकोनिसचे दोन्ही तारे याच वजनाचे आहेत, म्हणून सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. त्यात धातूंचं प्रमाण किती आणि वय किती, हेही आडवं येतं. वयासाठी एक चांगला साक्षीदार आहे, त्या जोडीबरोबर आकाशात सरकणारा एक श्वेत खुजा, म्हणजे इंधन संपून थंड होत चाललेला तारा. तो किती थंड झालाय यावरून वय काढतात. एका अभ्यासात ते ४ अब्ज वर्षं आलं, नंतरच्या एकात साडेआठ. वय वाढलं की गणिती त्रिज्या थोडी वाढते आणि तफावत कमी होते, पण पूर्ण मिटत नाही.

म्हणून तुमच्या लॅबच्या भाषेत सांगायचं तर इथे स्टँडर्डच तपासलं जातंय. कारण एकट्या तांबड्या खुज्या ताऱ्याभोवती ग्रह सापडला की त्याचा आकार ताऱ्याच्या त्रिज्येवरूनच ठरतो. ताऱ्यात पाच टक्के चूक, तर ग्रहातही पाच टक्के, आणि घनतेत पंधरा. तुम्ही एक्सेलमध्ये जुळवलेल्या या दोन जोड्या किती ठिकाणी पायाला आहेत ते बघा.

पुढची पायरी हवी असेल तर टेस यानाचा सीएम ड्रॅकोनिसचा प्रकाश-आलेख उतरवून घ्या. ग्रहणात प्रकाश जवळजवळ निम्म्यावर येतो, फाइल उघडताच दिसेल. ग्रहण किती मिनिटं चाललं ते मोजा, वेग तुमच्याकडे आहेतच. त्रिज्या स्वतः काढा, छापलेली बघू नका.

ऐरोलीकर

फाइल उतरवली. ग्रहणं दिसली, एका आड एक किंचित कमी-जास्त खोल. आज रात्रीच मिनिटं मोजायला बसतो. खारघरकर, गच्चीवर यायचं म्हटलं तर वसिष्ठासाठी कोणता महिना बरा? एकदा ती कॅल्शियमची रेषा दुहेरी झालेली स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आहे.

खारघरची गच्ची

एप्रिल, काका. मध्यरात्रीच्या सुमारास उत्तरेला पन्नास अंशांच्या वर येतो, आणि मेअखेरपर्यंत आकाश साथ देतं. कॅल्शियमची रेषा जांभळ्या टोकाला आहे, माझा कॅमेरा तिथे कमी पडतो, त्यामुळे मॅग्नेशियमवर बघू. फेरी साडेवीस दिवसांची आहे आणि कक्षा चांगलीच लांबट, तारे जवळ येतात त्या दिवसांत रेषा भराभर सरकतात. तारखा काढून कळवतो, त्या सलग रात्री मोकळ्या ठेवा. तुमच्याकडे जुना निऑनचा दिवा असेल तर तोही आणा, माझा लुकलुकायला लागलाय.